विश्राम साळिंदराची चव

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर दमलं होतं. कशानं दमलं होतं हे त्याला सांगता येत नव्हतं. कंद उकरायचे, खायचे, बिळात येऊन पडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्या वर्षी जंगलात सगळेच दमले होते, म्हणून तेही दमलं.

त्याचं नाव विश्राम. त्याच्या बायकोचं नाव इंदू. दोघांच्याही पाठीवर हातभर लांब काटे होते. वाटेत बिबट्या आडवा आला की विश्राम काटे उभारायचा आणि खुळखुळ वाजवायचा. मग बिबट्या घरी काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरायचा. विश्रामला याचं कधी कौतुक वाटलं नाही. जन्मापासून अंगावर असलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करतं?

शेजारच्या झुडपात बळवंत नावाचा ससा राहायचा. तो विश्रामचा जुना मित्र. नाव बळवंत असलं, पण पान पडलं तरी तो उडायचा. या बळवंतानंच एकदा बातमी आणली. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर वानरांनी करवंदांची वाइन करायला घेतली होती. जंगलातले मोठे लोक तिथे सुट्टीला जात होते. आरामात हिंडायचं, थोडं थोडं चाखायचं, आणि परत आलं की सगळ्यांशी हळू आवाजात बोलायचं.

विश्रामला ते हळू आवाजात बोलणं आवडलं. त्यानं इंदूला विचारलं. ती म्हणाली की नुसतं बसायचंच असेल तर तिला ते घरीही जमतं. मग दोघे मित्रच निघाले.

प्रवास आरामात करायचा असं ठरलं होतं, त्यामुळे खूप त्रास झाला. बळवंताला हळू चालता येत नव्हतं. तो चार उड्या मारायचा आणि परत यायचा. विश्रामला आजूबाजूला बघत चालता येत नव्हतं. तो जन्मभर खाली बघून चालला होता. तरी दोघे एकमेकांना म्हणत राहिले की किती छान वाटतंय.

पलीकडच्या उतारावर ठिकठिकाणी पॉइंट होते. धबधबा पॉइंटवर धबधबा नव्हता, पण तो कुठून पडला असता ते नीट दिसत होतं. पुढे प्रतिध्वनी पॉइंट होता. डोंगर मुळात मुका होता, म्हणून वानरांनी खडकामागे एक मैना बसवली होती. बळवंत ओरडला, "बळवंत!" समोरून आवाज आला, "बळवंतराव!" बळवंत लाजला. मग विश्राम ओरडला, "विश्राम!"

"कोण विश्राम?" समोरून आवाज आला.

बळवंत हसला. विश्रामही हसला. पण तिथून निघाल्यावर त्यानं दोनदा मागे वळून बघितलं.

दुपारी ते वाइनच्या जागी पोचले. एका मोठ्या आंब्याखाली प्रभंजन नावाचा वानर उभा होता. पाहुण्यांना चाखायला शिकवणं हे त्याचं काम. पानांच्या द्रोणात तो बोटभर वाइन ओतायचा. ती कशी हलवायची, कशी हुंगायची, तोंडात घेऊन कशी घोळवायची, सगळं करून दाखवायचा. शेवटी मात्र ती थुंकायची. गिळतात ती तहानलेली जनावरं, असं तो सांगायचा. रसिक थुंकतात.

"आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो शेवट," प्रभंजन म्हणाला. "थुंकल्यावर चव किती वेळ मागे राहते, ते बघायचं. शेवट लांबला पाहिजे."

विश्रामनं मनापासून प्रयत्न केला. त्याला आंबट लागलं. दुसऱ्या द्रोणातलंही आंबट लागलं. त्यानं तसं सांगितल्यावर प्रभंजन त्याच्याकडे प्रेमानं बघून पुढच्या पाहुण्याकडे गेला. बळवंताला थुंकायची भीती वाटली. इतक्या मोठ्या लोकांसमोर थुंकायचं कसं? म्हणून तो प्रत्येक द्रोण गिळत गेला. नंतर तो वाइनच्या पिंपात पडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो कानापासून शेपटीपर्यंत करवंदी रंगाचा झाला होता आणि जन्मात पहिल्यांदाच कशालाही घाबरत नव्हता.

सहलीतलं शेवटचं ठिकाण वाघ पॉइंट होतं. तुम्हाला वाटेल, मुलांनो, तिथे वाघ नसणार. पण होता.

तो म्हातारा होता आणि त्याचं पोट बिघडलेलं होतं. वैद्यानं त्याला खाणं कमी करायला सांगितलं होतं. मग प्रभंजननं त्याला चाखायला शिकवलं. तेव्हापासून वाघ संध्याकाळी एका सपाट खडकावर बसायचा, पाहुण्यांना हुंगायचा, आणि एखादा आवडला तर तोंडात घेऊन घोळवायचा. मग त्याला थुंकून टाकायचा आणि चव सांगायचा. जंगलात याची फार वाहवा झाली होती. पूर्वी वाघ नुसता खायचा, तेव्हा त्याच्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोलत नसे.

सूर्य बुडायला आला होता. वाघ पाहुण्यांच्या रांगेवरून हुंगत हुंगत आला आणि बळवंतापाशी थांबला. त्यानं बळवंताला अलगद उचललं, तोंड मिटलं आणि डोळेही मिटले. विश्रामनं काटे उभारले. पण बाकीचे पाहुणे कौतुकानं बघत उभे होते, म्हणून त्यानं ते परत पाडले.

वाघानं बळवंताला या गालातून त्या गालात फिरवलं आणि समोरच्या गवतात थुंकलं.

"सुरुवातीला कोवळी हरळी," तो मावळतीकडे बघत म्हणाला. "मग करवंद. मागून जरा भीती लागते. पण शेवट लांबतो. छान लांबतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बळवंत गवतात ओलाचिंब पडला होता. त्याचा एक कान उलटा झाला होता. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "खरंच लांबतो?"

मग वाघ विश्रामकडे वळला. विश्राम ताठ उभा राहिला. वाघानं नाक जवळ आणलं, काटा टोचला, आणि तो शिंकला.

"आत काही असेलही," वाघ म्हणाला. "पण उघडायचा कंटाळा येतो."

एवढं बोलून तो पुढच्या हरणाकडे गेला.

परतीच्या वाटेवर बळवंत हळू आवाजात बोलत होता. घरी आल्यावरही तो तसाच बोलत राहिला. पान पडलं तर आता तो उडत नव्हता, पान कसलं आहे ते हुंगून सांगायचा. कोणी भेटलं की म्हणायचा, माझ्याविषयी मी काय सांगणार, वाघसाहेबांचं म्हणणं आहे की माझा शेवट लांबतो. लांबून लांबून ससे त्याला बघायला यायचे.

विश्राम बिळात पडून राहायचा. वाघानं खाल्लं नाही याचा आनंद त्याला होत नव्हता. वाघानं खाल्लं असतं तर दुःख झालं असतं, हे त्याला कळत होतं. पण वाघाला कंटाळा आला होता, आणि त्याचं काय करायचं ते विश्रामला कळत नव्हतं.

एक दिवस त्यानं पाठीवरचा एक काटा उपटला. दुखलं. मग त्यानं दुसरा उपटला.

इंदूनं पाहिलं तेव्हा त्याची अर्धी पाठ उघडी पडली होती. ती आधी ओरडली, मग रडली, मग शेजारी येऊन बसली.

"अहो, हे होते म्हणून आपण दोघं आज जिवंत आहोत," ती म्हणाली.

"यांच्यामुळेच मला कोणी ओळखलं नाही," विश्राम म्हणाला.

"मी ओळखते ना."

"तू घरची. घरच्यांचं मत धरत नाहीत."

त्या दिवसापासून इंदू त्याच्याकडे पाठ करून झोपायला लागली. तिच्या पाठीवर काटे होते, त्यामुळे विश्रामला बिळाच्या कोपऱ्यात सरकावं लागलं.

पुढच्या करवंदांपर्यंत विश्रामनं सगळे काटे काढले. रोज तो साठवून ठेवलेल्या करवंदांच्या रसात बसायचा. मग अंगाला रानतुळस चोळायचा, वरून मध लावायचा आणि उन्हात पडायचा. खायचे कंदही तो आता निवडून, गोड तेवढेच खायचा. त्याची कातडी मऊ झाली, गुलाबी झाली. जंगलातली पोरं त्याला घूस समजून नमस्कार करीनाशी झाली. विश्राम ते मनाला लावून घेत नव्हता. पोरांना चवीतलं काय कळतं?

करवंदं पिकली तसा तो निघाला. बळवंत बरोबर आला. मित्राच्या काळजीनं येतोय असं त्यानं सांगितलं, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. या वेळी विश्राम मान वर करून चालला. दोघांना वाटेत बिबट्या दिसला. बळवंत हळू आवाजात किंचाळला आणि दोघे एका खडकाच्या फटीत शिरले. काटे नसल्यामुळे विश्राम फटीत सहज मावला. बघ, किती सोयीचं झालं, असं तो बळवंताला म्हणाला.

वाघ पॉइंटवर पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. प्रभंजननं विश्रामला ओळखलं नाही. नवीन पाहुणे, असं म्हणून त्यानं त्याला पुढे केलं.

वाघ विश्रामपाशी आला आणि थांबला. त्यानं एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्याच्या मिशा थरथरल्या. विश्रामला वाटलं की आपल्याला जन्मात इतकं नीट कोणी बघितलं नाही. त्याचे डोळे भरून आले.

वाघानं त्याला अलगद उचललं आणि तोंड मिटलं.

आत अंधार होता आणि उबदार होतं. विश्राम या गालातून त्या गालात गेला. परत आला. त्याला राहवलं नाही.

"शेवट कसा वाटतोय?" त्यानं आतून विचारलं.

वाघाचं तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही. पाहुणे थुंकण्याची वाट बघत होते. प्रभंजननं गवतातले खडे बाजूला सारून जागा करून ठेवली होती. बराच वेळ गेला. मग वाघाच्या गळ्यापाशी काहीतरी हललं आणि खाली सरकलं.

मुलांनो, इथपर्यंतची गोष्ट विश्रामनं स्वतः अनुभवली. इथून पुढची बळवंतानं सांगितलेली आहे.

वाघ मान खाली घालून बसला होता. तो पार ओशाळला होता.

"माफ करा," तो म्हणाला. "हा थुंकण्यासारखा नव्हता."

मग ज्या टाळ्या पडल्या, तशा वाघ पॉइंटवर कधी पडल्या नव्हत्या. बळवंतही टाळ्या वाजवत होता आणि रडत होता. मित्र गेला म्हणून तो रडतोय असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही आधी तसंच वाटलं होतं.

तो एकटाच परत आला आणि आधी इंदूकडे गेला. काय झालं ते त्यानं तिला सगळं सांगितलं. वाघाचे शब्द मात्र हळू आवाजात सांगितले.

"दुखलं का त्यांना?" इंदूनं विचारलं.

"नाही, वहिनी. खुशीत होता."

इंदूनं मान हलवली. ती बराच वेळ बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. बळवंतही बसून राहिला. जायचं नाव घेईना. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, तो अंगाला नक्की काय काय लावायचा हो?"

इंदूनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. करवंदांचा रस, रानतुळस, मध, ऊन. किती वेळ मुरायचं तेही सांगितलं. त्याला नीट समजलं का विचारलं, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं.

तात्पर्य : आपल्याला खऱ्या अर्थानं ओळखणारा रसिक प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. तो भेटेपर्यंत धीर धरावा, आणि अंगावर काटे असतील तर आधी काढून ठेवावेत.