ठमी मांडीवर नसताना

"माझ्या हातात पेपर आला की विषय संपला! तोच पेपर सकाळी द्या, संध्याकाळी द्या, अर्ध्या मार्काचा फरक पडला तर मिशी उतरवीन!"

सरांचं हे वाक्य स्टाफरूममधल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ झालं होतं. सर गेली चोवीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. मिशी चांगली भरघोस होती, त्यामुळे पैज काही हलकी नव्हती.

निःपक्षपाताचं तर त्यांना वेडच! मुलाचा नंबर दिसू नये म्हणून ते उत्तरपत्रिकेचं पहिलं पान मागे दुमडून ठेवत. "नंबर दिसला की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की हात ढळतो." मार्कसुद्धा पेपरवर लिहायचे नाहीत. एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचे आणि चिठ्ठी त्या पेपरात खोचायची. चिठ्ठीवर नाव नाही, नंबर नाही, फक्त मार्क. सगळा गठ्ठा संपला की मग एकदम यादी. या पद्धतीत बोट ठेवायला जागा नव्हती. पण ती काढली तेव्हा घरात मांजर नव्हतं.

मांजराचं नाव ठमी. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली, सरांकडे एकदा बघितलं आणि राहिली. "ती आपली नाही, फक्त आपल्याकडे राहते," असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण ते पेपर तपासायला बसले आणि ती लहरीत असली की मांडीवर येऊन बसायची, आणि सर तिला उठवायचे नाहीत.

त्या दिवशी चारच्या आत मार्कांची यादी द्यायची होती. सेहेचाळीस पेपर आदल्या दिवशीच, ठमीला मांडीवर घेऊन, तपासून झाले होते. सकाळी सरांनी गठ्ठा टेबलावर मांडला, पंखा लावला आणि चष्मा आणायला आत गेले. वाऱ्याने सेहेचाळीस चिठ्ठ्यांची टोकं फडफडायला लागली. आता तुम्हीच सांगा, मांजराने काय करावं?

सर बाहेर आले तेव्हा एक चिठ्ठी ठमीच्या तोंडात होती, आणि बाकीच्या खोलीभर!

"अगं, घात झाला!" सर ओरडले.

बायको हात पुसत आली. "एवढंच ना? नंबर बघून लावा परत."

सर चष्मा पुसायला लागले.

"नंबर नाहीत चिठ्ठ्यांवर?"

"निःपक्षपात..."

"मग बसा आता निःपक्षपातीपणे सगळे परत तपासत!"

सरांनी तो राग ठमीवर काढला. "चालती हो!" तीन वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढला. ठमीने चिठ्ठी खाली ठेवली आणि पलंगाखाली निघून गेली. सरांना आत कुठेतरी टोचलं, पण टोचून घ्यायला वेळ कुणाला होता!

गठ्ठा आणि चिठ्ठ्या काखोटीला मारून ते कॉलेजात पोचले. दोन तास शिकवायचे, मधल्या वेळात तपासायचं. डब्याला हात नाही, पाण्याचा घोट नाही. इतिहासाच्या बाई बघत होत्या.

"सर, मार्क तेच येणार ना? मग जीव कशाला काढताय?"

"तेच येणार! काही शंका?"

"मला कसली शंका? मिशी तुमची."

अडीच वाजता शेवटचा पेपर संपला. सरांनी जुन्या चिठ्ठ्या एका बाजूला लावल्या, नवे मार्क दुसऱ्या बाजूला, आणि मोजायला घेतलं. चाळीसपैकी सोळाला पास. जुन्या चिठ्ठ्यांत नापास तीन. नव्या मार्कांत नापास आठ!

पुन्हा मोजलं. आठच. पाच मुलं काल पास होती आणि आज नापास झाली होती. बरं, या पाचांनी मधल्या काळात काही गुन्हा केला म्हणावं, तर तोही नाही. सरांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

नेमक्या त्याच वेळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. सरांनी तिला लगेच ओळखलं. गेल्या वर्षी पंधरा मार्क, एकाने नापास. तेव्हा ती रडवेली होऊन आली होती, "सर, परत एकदा बघाल का?" आणि सरांनी ऐटीत सांगितलं होतं, "शंभर वेळा तपासला तरी पंधराच येतील!"

"पुन्हा बसायचा फॉर्म आहे, सर. सही हवी होती," ती म्हणाली. "नोकरीचं पत्र आलंय. पण महिनाअखेर पदवी दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, म्हणतात. परीक्षा तर अजून दोन महिन्यांनी."

म्हणजे सही करूनही उपयोग नव्हता. सरांनी पेन उघडलं आणि तसंच धरून बसले.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना? तुमच्याकडे मांजर आहे का?"

"आहे. म्हणजे, आमच्याकडे राहते. का?"

"तुम्ही पेपर बघायला देता ना वर्गात, तेव्हा मुलं मार्क नंतर बघतात. आधी केस शोधतात."

"केस?"

"मांजराचे. ज्याच्या पेपरवर केस, त्याला दोन मार्क जास्त. सगळ्यांना माहीत आहे, सर. माझा पेपर अगदी स्वच्छ होता."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. पाऊस पडतोय म्हणावं तशी बोलली. चोवीस वर्षं वादात कुणाला हार न गेलेल्या माणसाने उघडलेलं पेन बंद केलं.

"फॉर्म राहू दे माझ्याकडे," सर शेवटी म्हणाले. "उद्या ये."

मग ते परीक्षा विभागात गेले आणि हेडक्लार्ककडे यादीसाठी एक दिवसाची मुदत मागितली. "मुदत? तुम्हाला? तब्येत बरी आहे ना?" असं विचारत हेडक्लार्कने गेल्या वर्षीचा गठ्ठाही काढून दिला.

घरी आल्यावर सर टेबलाशी बसले. "ठमे, ये गं." ठमी पलंगाखालीच. "ठमू, ये ना!" शेपूटसुद्धा हलेना.

"आधी माफी मागा," बायको म्हणाली.

"मांजराची?"

"मग काय माझी मागताय?"

सरांनी गुडघे टेकले, पलंगाखाली डोकं घातलं आणि माफी मागितली. कुणी ऐकलं नाही एवढंच बरं. तरी ती आली नाही. सर हताश होऊन खुर्चीत बसले, तेव्हा पाचेक मिनिटांनी मांडीवर ओळखीचं वजन पडलं.

सरांनी त्या मुलीचा पेपर उघडला. पंधरा मार्कांवर येऊन नेहमीसारखं "संपला" म्हणत पुढचा पेपर घ्यायला हात लांब केला, तर ठमीने मांडीत नखं रुतवली. हलायची सोयच नव्हती. आता बसलोच आहोत तर, म्हणून सरांनी उगाच पान उलटलं. मधे एक कोरं पान होतं, आणि शेवटच्या पानावर चौथ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. सुबक अक्षरात, अगदी बरोबर.

सर बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले. म्हणजे ठमी मांडीवर असली की हात सैल सुटत होता, असं नव्हतं. ती उठू देत नव्हती, म्हणून ते शेवटपर्यंत वाचत होते. आणि नसली की? गेल्या चोवीस वर्षांतली किती पानं तशीच राहिली असतील? त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी सतरा मार्क लिहिले आणि मग यंदाचे सेहेचाळीस पेपर ठमीसकट पुन्हा संपवले. नापास तीनच निघाले.

दुसऱ्या दिवशी सर मार्क दुरुस्तीचा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य वाचायला लागले.

चूक: शेवटचे पान वाचले नाही.

चुकीचे कारण: मांडीवर मांजर नव्हते.

पुन्हा चूक होऊ नये म्हणून योजलेला उपाय: मांजर.

प्राचार्यांनी चष्मा काढला. सरांकडे बघितलं. सरांच्या मिशीकडे बघायला गेले, तर ती जागेवर नव्हती! त्यांनी मुकाट्याने अर्जावर सही केली, शिक्का मारला आणि दार लोटून घेतलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडेही बी.ए.चा एक गठ्ठा तपासून झालाय. आमच्याकडे कुत्रा आहे हो. चालेल?"