म्हात्रेसरांचा झाडावरचा निवडुंग

"निवडुंगाला काटे असतात," असं आमचा मुलगा एकदा सहज म्हणाला, तर म्हात्रेसरांनी हातातला चहा खाली ठेवला. "कुणी शिकवलं हे? शाळेत? हा त्या झाडाचा अपमान आहे."

म्हात्रेसर वनस्पतिशास्त्रज्ञ, जपानमध्ये टोकियोजवळच्या इचिकावात एकटे राहायचे. त्यांचा निवडुंग ब्राझीलच्या दमट जंगलात उंच फांद्यांवर वाढणारा, काटे नसलेला, हिरव्या शेवया लोंबाव्यात तसा. ते जंगल तोडून संपत आलेलं. २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वीजकपातीत त्यांच्या संस्थेच्या काचघराची ऊब गेली आणि तिथली रोपं थंडीने मेली. सरांच्या घरातलं एक तेवढं वाचलं. "एवढी दुर्मीळ जात, आणि ठेवली एकाच खोलीत. अक्कल गहाण टाकली होती आम्ही," असं ते वर्षानुवर्षं धुमसत राहिले. त्याच आठवड्यात त्यांची बायको आणि मुलगी पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याला गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यावर मात्र सर कधी चिडले नाहीत.

मग त्यांनी ओळखीच्या मराठी घरांत एकेक फांदी वाटली. एका घरातली गेली तरी दुसरीकडे जात टिकावी म्हणून. आमच्याकडे, जवळच्याच उरायासुत, एक आली आणि तिच्यामागोमाग दर रविवारी सर, तपासणीला. "नळाचं पाणी? पावसाचं द्या." माझी बायको मंजिरी पाऊस आला की बाल्कनीत पातेलं मांडायची. छत गळतंय का, असं शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही गणपतीला पुण्याला गेलो. परतलो तर फांदीचा वाळून दोरा झालेला. सरळ सांगायचं सोडून मी होम सेंटर म्हणतात त्या घरसामानाच्या दुकानातून तसाच दिसणारा निवडुंग आणला, त्याच कुंडीत लावला आणि सरांनी जातीचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी पुन्हा खोचली.

रविवारी सरांनी कुंडी उचलून बराच वेळ पाहिली. "पाणी जास्त होतंय," म्हणाले आणि चहा मागितला. सुटलो, असं मला वाटलं. पण पुढची पाच वर्षं त्या बाजारी रोपावरून आम्ही बोलणी खाल्ली, पातेली मांडली. मलाही संताप यायचा, पण कुठल्या तोंडाने बोलणार?

कायमचं भारतात परतण्याआधीच्या रविवारी मी कबूल केलं. सर भडकले.

"जन्म गेला माझा या जातीत, मला कळणार नाही? पहिल्याच रविवारी कळलं होतं. फुनाबोरीच्या पाटीलबाईंकडे खरी फांदी फुलावर आहे. त्या शहाण्या निघाल्या."

"मग सर, पाच वर्षं आमच्याकडे तपासणीला का येत होतात?"

"म्हणजे? खरं झाड असेल तिथेच चहा प्यायचा का?"

जाताना त्यांनी ती कुंडी काखेत मारली. "कचऱ्यात टाकाल तुम्ही. राहू दे माझ्याकडे. तिला रविवारी माणसांत बसायची सवय आहे."