तिसरं प्रकरण आणि पाठकोरे कागद

दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं कशाला हसायची, हे अख्ख्या बेव्हर्ली पार्कात फक्त मला ठाऊक होतं! प्राचीन ग्रीक-रोमन विनोदी नाटकांवर पीएचडी करणारा दुसरा माणूस मीरा रोडला शोधून दाखवा!

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा मुद्दा असा: ग्रीक नट रंगमंचावरून गावच्या बड्या माणसाची नाव घेऊन टिंगल करायचा आणि समोर बसलेला तो माणूसही हसायचा. कुठलाही समाज असाच हसतो, असं मी बिनधास्त ठोकून दिलं होतं.

"आपले लोक हसतील?" गाइड मृणालिनी मॅडमनी विचारलं.

"गडाबडा लोळतील!"

"मग करून दाखव. नाही हसले, तर प्रकरण काढून टाकायचं."

२००६ चा सोसायटीचा गणपती. मॅडम पहिल्या रांगेत. मी पुठ्ठ्याचा ग्रीक मुखवटा चढवून स्टेजवर! डोळ्यांची भोकं इतकी बारीक, की ट्यूबलाइटपलीकडे काही दिसेना.

आधी नंबर चेअरमन हंसाबेनचा! "मीटिंग सातची, या येणार नऊला, आणि उशिराचा दंड आम्हाला!"

कोणीही हसलं नाही.

"ये पराग क्या बोलता है?" हंसाबेनचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या. मला दरदरून घाम फुटला, पुठ्ठा भिजून नाकाला चिकटला. तिसरं प्रकरण गेलंच! तेवढ्यात रोमन नाटकांतला हमखास चालणारा कंजूष म्हातारा आठवला. माझ्या ओळखीचा म्हातारा एकच होता.

"आणि हे आमचे बाबा, दशरथराव! ऑफिसातले पाठकोरे कागद घरी आणतात! गंजीफ्रॉकला भोक पडलं, की म्हणतात, हवा खेळते!"

कोणीतरी खो-खो हसलं. मग आणखी दोघं. मग सगळा मांडव, हंसाबेनसुद्धा! मी असा चेकाळलो, की बाबांची चप्पल, डबा, छत्री, काही सोडलं नाही.

"प्रकरण राहू दे," नंतर मॅडम म्हणाल्या. "पण पहिलं कोण हसलं, पाहिलंस?"

"भोकांतून दिसलं नाही."

"तुझे बाबा."

घरी गेलो तर बाबा शांतपणे चहा पीत बसलेले.

"बाबा, राग नाही आला?"

"अरे, कोणी हसेचना! तुझ्या मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या. म्हटलं, सुरुवात आपणच करू."

मला मान वर करवेना. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

बाबांनी पिशवीतून पाठकोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. हो, ते कागद माझ्याच प्रबंधासाठी यायचे. स्टेजवर तेवढं सांगायचं राहून गेलं!