कालवे सोडा!

निरीक्षकांची बदली चुकून झाली, हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण चूक सुधारायची तर ती कुणाची हे आधी ठरवावं लागलं असतं. शेताला पाणी नेतो तो कालवा आणि खाडीत खडकाला चिकटून बसतं ते कालव. अनेकवचनात दोन्ही कालवेच. ‘कालवे पुनरुज्जीवन’ अशी जागा निघाली आणि जन्म पाटबंधारे खात्यात काढलेला हा माणूस थेट खाडीच्या चिखलात येऊन पडला. कालव्यांचा अनुभव होता ना!

गावी वडील अंथरुणाला खिळलेले. बायको फोनवर एवढंच म्हणायची, “बाबा दाराकडे बघत असतात.” शेवटी मोठ्या साहेबांनी शब्द दिला : आज पाहणीला येतो, कालवं नीट सोडलीत तर परतीचा हुकूम काढतो.

आभाळ राखेच्या रंगाचं होतं. ओहोटीत निरीक्षक आणि संशोधक बाई गुडघाभर चिखलात उभे होते. जुन्या शिंपल्यांना चिकटलेली कालवांची नखाएवढी पिल्लं जाळीच्या पिशव्यांत, पिशव्या होडीत आणि होडीवाला पलीकडच्या काठाला विडी ओढत.

“फोन लावा हो त्या मेल्याला,” बाई म्हणाल्या. “भरती आली की बसू बोंबलत.”

चिखलाच्या बोटांनी निरीक्षकांनी फोन दाबला. कानात वारा शिरत होता. “कालवे सोडा! आत्ताच्या आत्ता! साहेब येतायत!”

“सोडतो साहेब! तुमच्या हुकमाचीच वाट बघत होतो!”

“आज फारच अदबीनं बोलला.”

“प्यायला असेल,” बाई म्हणाल्या.

होडीवाला आला तो करवादतच. पिशव्या खडकावर मांडून झाल्यावर निरीक्षक म्हणाले, “फोनवर तर गोड बोललास?”

“कसला फोन? माझा परवाच पाण्यात पडला.”

निरीक्षकांनी फोन पुसून पाहिला. कालव्याच्या दरवाजावरचा जुना चौकीदार! ‘परत कधी येताय’ विचारायला त्याने सकाळीच फोन केला होता; तोच नंबर पुन्हा लागला होता. त्यांनी घाईघाईनं फोन केला. “बंद कर दरवाजे!”

“उघडताना दांडा तुटला, साहेब. आता काय ते बंद होत नाहीत.”

कालव्याचं शेपूट याच खाडीत सुटायचं. दुपारी पाणी आलं. साचलेला गाळ, कुणाच्या चपला, एक फुटकी बादली, सगळं घेऊन.

“गोडं पाणी!” बाई किंचाळल्या. “मरतील हो सगळी!”

तिघांनी पिशव्या ओढून पाहिल्या. गाळ त्यांच्यापेक्षा चपळ होता. पिशव्या दिसेनाशा झाल्या, तशा बाई तिथंच चिखलात बसून रडायला लागल्या.

“रडा बाई,” होडीवाला हळूच म्हणाला, “तेवढंच खारं पाणी त्यांना.”

एवढ्यात काठावर मोठ्या साहेबांची गाडी थांबली. “कालव्याला पाणी कुणी सोडलं?” ते लांबूनच ओरडले.

“बाईंच्या सांगण्यावरून, साहेब,” निरीक्षक चटकन म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

“शाब्बास, बाई!” साहेबांचा चेहरा फुलला. “कोरडा कालवा जिवंत केलात! शेतकऱ्यांनी वाटेत मला खांद्यावर घेतलं. तुमच्यासारखं माणूस इथं चिखलात कुजवायचं? उद्यापासून तुम्ही मुख्य कालव्यावर.”

“साहेब, ती जागा...” निरीक्षक चिखल तुडवत पुढे आले. “माझ्या गावची... आणि इथली कालवं तर सगळी मेली...”

“तीच. एकच रिकामी आहे. आणि इथली कालवं मेली म्हणता? मग इथं अनुभवी माणूस हवाच. तुम्ही राहा.”

साहेबांची गाडी गेली. बाईंनी पदराने डोळे पुसले, निरीक्षकांकडे वळल्या आणि विचारलं, “घरी काही निरोप द्यायचाय?”