अळंबीची तलाशी

जमादारमामा आम्हा शेजाऱ्यांना जेवायला बोलवत, समोर रिकामी ताटं मांडत आणि आमच्यादेखत एकटेच जेवत.

आष्टीकडच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्यांची उमर गेली. इंग्रजी मुलखातून निजामाच्या हद्दीत येणारी गोणी टोचून पाहायची, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. माझ्या लग्नात त्यांनी बुंदीचा लाडू फोडून आत पाहिला होता. "तलाशी झाल्याबिगर माल फुडं न्हाई!"

श्रावणात मामा पहाटेच टोपली घेऊन माळावर जात. तिथे वारुळाच्या कडेला अळंबी उगवायची. जागा कुणाला कळू नये म्हणून ओढ्याकडून जात आणि मशिदीमागून परतत. गावाला दोन्ही वाटा ठाऊक होत्या.

अळंबी आमच्याकडे मटणातच धरतात. घरातल्या चुलीवर चढत नाही. मामा अंगणात तीन दगड मांडून, कांदा, खोबरं, काळा मसाला घालून ती मडक्यात शिजवत. पहिली वाटी त्यांची. "इखारी असली तर मी मरतो. तुमी बसून बघा."

आम्ही बघत बसायचो. मामा भिंतीला टेकून नाक्यावरच्या गोष्टी सांगत. पोटाला रेशमाचं ठाण बांधून आलेली गरवार बाई तर त्या गोष्टींत दरसाल यायची. कालवण निवायचं, पुन्हा तापायचं. एकदा ते तीनदा तापवल्याचं मला पक्कं आठवतं.

जेवणं झाली की मात्र जो तो हात धुऊन घरी. मामी वारल्या होत्या, मुलगा हैदराबादेत. मागे मामा एकटेच भांडी घासत.

एका वर्षी आम्ही असेच बसलो असताना महादू धनगर विस्तव मागायला आला. मडक्यात डोकावून हसला.

"जमादार, ही वारुळाची अळंबी हाय. आमी रानात भाजून तशीच खातो. हिच्या राखणीला कावून बसलाव?"

"म्हंजी इतकी वर्सं उगंच निवलेलं खाल्लं व्हय बे?" शेजारचा गणपत ओरडला. सगळे हसले. ताटं पुढे सरकली.

मामांच्या गोष्टीतली गरवार बाई अर्ध्या वाटेतच राहिली. ते पळी उचलून वाढायला निघाले.

तेव्हा माझ्या बायकोनं आपलं ताट मागे ओढलं. "महादूदादा, तुमची रानातली वेगळी असंल. मला बाई लई भ्या वाटतं. मामा, तुमी अजून एक वाटी खावा आदी. आमी बसतो."

तिच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मीही ताट मागे घेतलं. मग गणपतनेही, कुरकुरत.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. वाटी पुन्हा भरून तिच्यातली एक बारीक फोड उचलली आणि फार सावकाश चावायला लागले.