नागिणीवरील सकाळच्या फेरीची हकीकत

श्रीगजवदनास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्या लोखंडी दांडीने बसणारास उलटे होतानाही जागेवर धरोन ठेविले त्या दांडीसही नमन. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य एकादशी, मंदवार, ते दिवशी आमचा दरबार विसर्जन पावला. त्याची हकीकत लिहावी आणि त्यात थोरवी यावी, ऐसी सरकारांची आज्ञा जाहली. लिहावयास बसलो तो थोरवी दीड ओळीत आटोपली, आणि उरले ते लिहिताना मान वर होत नाही. तरी जाहले तैसे लिहितो.

राज्य म्हणावे तर त्यास जमीन नाही, किल्ला नाही, दाणागोटा नाही. संगणकाचे पडद्यावर वसलेले. मौजेची उद्याने, त्यांतील पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि विशेषेकरोन उलटेपालटे धावणारे रोलर कोस्टर यांचे ज्यांस वेड, ऐसे गावोगावचे लोक तेथे जमत, लिहीत, वाचीत आणि भांडत. शके १९२९ सर्वजित्‌नाम संवत्सरी हेरंबराव दातार यांनी हे राज्य मांडिले. राहणार सातारा, पेशा चष्म्याचे दुकान. दुकानी गिऱ्हाइकास खुर्चीवर बसवोन "खालची ओळ वाचा" म्हणत, आणि तो चाचपडे तोवर आपण दरबारी चार ओळी लिहोन मोकळे होत. त्यांस सर्व लोक सरकार म्हणत. ऊर्मिलाबाई सोहनी नागपूरच्या, शाळेत गणित शिकवीत, पाळण्याची उंची सांगा की वेग तोंडी काढीत, आणि चुकलेल्यास दरबारात भर सभेत अंगठे धरावयास लावीत. आणि लिहिणार मी, त्या दरबारचा फेरीनवीस. कोण किती वेळा कोणत्या पाळण्यावर बसला याची वही राखणे हे माझे काम. वहीचा कायदा ऐसा की तिकिटाचे अथवा मनगटावरील पट्ट्याचे छायाचित्र रुजू केल्याशिवाय फेरी लागू नये. कायदा मीच केला आणि त्याचा मला बहुत अभिमान. आपल्या सख्ख्या मेहुण्याच्या दोन फेऱ्या तिकीट भिजले म्हणोन मी खोडिल्या. तो दिवाळीस आजही बोलत नाही.

दरबाराचे आराध्य म्हणजे घाटापायथ्याच्या उद्यानातील नागीण. हा कोस्टर शके १९३० त उभा राहिला, आणि पहिल्या सहा वर्षांत त्यावरील फेऱ्यांत सरकार अव्वल, एकशे शहात्तर. मग शके १९३६ जयनाम संवत्सरी, मार्गशीर्षात, एक नवा इसम दरबारी दाखल जाहला. तेथे ज्याने त्याने टोपणनाव घ्यावे ऐसी रीत, त्याने घेतले "सकाळचा". पहिल्याच दिवशी लिहिले की, नागीण, आजवर एक हजार नऊशे बारा फेऱ्या, रोज सकाळी साडेसातास. आणि खाली आणखी लिहिले की थंडीत पहिल्या फेरीला तिसऱ्या डब्याचं डावं चाक गातं, उन्हं आली की गप्प होतं. तिकीट मागितले, तो नाही म्हणाला. उद्यान तर साडेदहास उघडते. मग दरबारी हशा पिकला तो तीन दिवस खाली बसेना. सरकारांनी लिहिले की साडेसातास नागिणीवर बसणारे दोनच, एक कावळा आणि दुसरे आपण. कोणी विचारिले, चाक भूपाळी गाते की अभंग. एकट्या ऊर्मिलाबाई म्हणाल्या की थापाड्या माणूस गोल आकडा सांगतो, दोन हजार म्हणतो. हा बारा कशाला म्हणेल, आणि साडेसहा वर्षांस दिवसाची एक फेरी, सुट्या वजा जाता, हिशेब बरोबर पडतो. त्यास मी भर दरबारात उत्तर केले की बाईंनी गणित शिकवावे, पुरावा आमच्याकडे सोडावा. आणि मग मी दोन रात्री खपोन पुरावा काढिला. त्याने लिहिले होते, मंगळवारी तीन फेऱ्या जाहल्या. आणि त्याच मंगळवारी उद्यान दुरुस्तीस्तव बंद, ऐसी उद्यानाचीच सूचना मजपाशी. ती सूचना मी दरबारी लाविली तेव्हा जो जयजयकार जाहला तैसा माझ्या लग्नातही जाहला नव्हता. मग ठराव लिहिला. अक्षर न अक्षर माझे. "सदर इसम खोटा. फेऱ्या रद्द. नाव दरबारातून खारीज." तो इसम एक शब्द उलट बोलला नाही आणि निघोन गेला. मात्र नाव राहिले. पुढे कोणी वाढवोन बोलला की दरबारी म्हणत, "काय रे, सकाळचा झालास का?" ही म्हण अकरा वर्षे चालली. नवे लोक ती शिकत, कोठोन आली हे कोणी पुसत नसे.

मग काळ फिरला. लोक लिहिण्यापेक्षा चलच्चित्रे काढू लागले, आणि दरबारी आठवड्यास एक पत्र येई, तेही कोणाच्या तरी गुडघेदुखीचे. सरकारांचेच डोळे अधू जाहले आणि त्यांनी ठरविले की राज्य बुडण्याआधी आपण बुडवावे, ते शोभून दिसते. तेव्हा मसलत जाहली की नागिणीपाशी शेवटचा मेळा भरवावा आणि सायंकाळी सहास दरबार बंद करावा. आठवण म्हणोन पुस्तक छापावे, प्रती चाळीस. त्यात साऱ्यांची फेरीवही, आणि गमतीच्या गोष्टी. गमतीची गोष्ट पहिली कोणती, ऐसे पुसता साऱ्यांनी एकमुखाने सांगितले, सकाळचा. ती अकराव्या पानावर घातली, ठरावासकट, आणि वर कावळ्याचे चित्र काढविले. चित्राची सूचना माझी.

नेमिल्या दिवशी एकतीस असामी घाटापायथ्यास दाखल जाहल्या. उद्यानाच्या व्यवस्थापक बाई भल्या, त्यांनी मान राखोन आम्हांस सकाळी सातासच आत घेतले. अठरा वर्षांत उद्यान उघडण्यापूर्वी आत जाण्याचा हा पहिलाच योग. गारवा होता, गवतावर दव होते, एकादशीवाल्यांनी साबुदाणा वडे काढिले आणि बाकीच्यांनी एकादशी नसताही त्यांत हात घातला. सरकार पुस्तके वाटीत पुढे चालले. नागिणीच्या फाटकाशी निळा गणवेश घातलेला, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल खोवलेला एक इसम कुलूप काढीत होता, त्यासही सरकारांनी मोठ्या मनाने एक प्रत दिधली आणि म्हणाले की घ्या, तुमच्याच पाळण्याचे आहे. त्याने हात पुसोन घेतली. मग आम्ही फाटकातून घुसू लागलो, तो व्यवस्थापक बाईंनी थांबविले आणि म्हणाल्या की अजून पहिली फेरी व्हायची आहे. पुसले, पहिली फेरी म्हणजे काय. त्या म्हणाल्या, "हे काशिनाथ ठोंबरे. नागीण उभी राहिली तेव्हापासून रोज सकाळी एकटे बसून एक फेरी घेतात. हे उतरून ठीक म्हणाले तरच गाडी लोकांना खुली. बंदच्या दिवशी तर जास्त, दुरुस्ती झाली की दोन-तीन वेळा बसतात."

आम्ही एकतीस जण वडे तोंडात तैसेच धरोन उभे राहिलो. ऊर्मिलाबाईंनी बोटांवर काही मोजिले नाही. मोजणे अकरा वर्षांपूर्वीच जाहले होते. मजकडे वळोन हळूच म्हणाल्या, "फेरीनवीस, अकरावं पान." मी पाहतो तो काशिनाथ पुस्तक उघडोन उभे, आणि उघडले तेही तेच पान. कावळ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "छपाई चांगली आलीय."

मग मी पुढे जाहलो. माझा पाय पुढे पडेना, पण ठराव माझा, तर पायही माझाच पाहिजे. मी नाव सांगितले आणि म्हणालो की हे लिहिणारा मी. ते म्हणाले की ओळखतो. आपण दरबार नित्य वाचीत होतो, ठरावानंतरही वाचीत होतो, आणि आम्हा साऱ्यांस तोंडावरोन ओळखीत होतो; सरकारांची दांडी पोटामुळे एक खाच अलीकडे लावावी लागे, आणि माझी तर आजवर नऊ वेळा लाविली. मी स्मरोन पाहिले. नऊ वेळची नऊ तिकिटे मजपाशी तारीखवार आहेत. दांडी लावणारास तोंड होते हे एकाही तारखेस ध्यानी आले नव्हते. नागिणीस बोल्ट किती हे आम्ही सांगू, आणि ते आवळणारा समोर उभा तो कोण हे पुसावयास अठरा वर्षे फुरसत नाही.

ऊर्मिलाबाईंनी पुसले, "काशिनाथदादा, तेव्हाच सांगायचं होतंत हो. एक ओळ लिहायची."

"बाई, आतल्या मशीनचं बाहेर लिहायचं नाय, असा इथला नियम. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, नाय सांगितलं तर अब्रू. नोकरी ठेवली."

मग आपण होऊनच बोलले की नोकरीचे जाऊ द्या, अडचण घरी जाहली. हौसेने मंडळीस दाखविले होते की पाहा, शहरातले लोक पाळण्यावर केवढे लिहितात, त्यात आता मीही आहे. मग ठराव आला, तोही तिने वाचला. चांगला दोनदा वाचला. आणि पुसले, "काहो, तुम्ही सकाळी नक्की कामावरच जाता ना?" हे सांगताना काशिनाथ हसले. आम्हांपैकी कोणी हसले नाही. दोन महिने डब्यात भाजी एकच येई, आणि आजही पगारवाढीची बातमी सांगावी तर ती म्हणते, लेखी आणा.

तेव्हा सरकार खाली पाहोन म्हणाले की फेरीनवीस, काय करता येईल ते करा. आणि मी केले ते लिहितो, झाकीत नाही. मी म्हणालो, "आजवर किती झाल्या?" ते म्हणाले, चार हजार सातशे अडतीस, महामारीत उद्यान बंद होते तेव्हाही गंज चढू नये म्हणोन आठवड्यास एकदा बसावे लागे. मी म्हणालो, "सगळ्या लावतो. रोजची काही नोंदवही असेल ना? तेवढी दाखवा." जीभ बोलोन गेली. ऊर्मिलाबाईंनी कपाळास हात लाविला.

काशिनाथ म्हणाले, "अकरा वर्षांनी पुन्हा वही तपासणार माझी?" आवाज चढविला नाही. "सही आहे तिच्यात रोजची. ती नागिणीसाठी आहे, तुमच्यासाठी नाय. थांबा इथं."

आणि ते गेले. रिकाम्या गाडीच्या तिसऱ्या डब्यात डाव्या अंगास बसले, आपली दांडी आपणच ओढिली, दोनदा हिसडोन पाहिली, आणि हात वर केला. गाडी निघाली. आम्ही तिच्यावर बसलो की किंचाळतो, हात आभाळास लावितो, छायाचित्रासाठी दात काढितो. काशिनाथांनी डोळे मिटले, मान डाव्या अंगास कलविली आणि ऐकत राहिले. जसा वैद्य नाडीवर बोट ठेवोन बसतो. पहिला चढ, पहिली उडी, मग उलटे वेटोळे, आणि गाडी आमच्या डोक्यावरोन गेली तेव्हा आम्ही ऐकिले. चाक गात होते. बारीक, लांब, एकाच सुरात, थंडीने आवळल्या गळ्याचे. भूपाळी नव्हे आणि अभंगही नव्हे. ज्याने तेव्हा पुसले होते तो मजशेजारी उभा, त्याने टोपी काढिली. दीड मिनिटाने गाडी फलाटास लागली, काशिनाथ उतरले, कानावरची पेन्सिल घेऊन फलाटावरील वहीत काही लिहिले, आणि व्यवस्थापक बाईंस म्हणाले, "ठीक."

मग मजपाशी आले. मी म्हणालो की चुकलो, आणि पुरावा नको, साऱ्या लावितो. ते म्हणाले, "नको. कायदा तुमचा, आता मोडू नका. पाहिलीत तेवढी लिहा."

आणि आपली प्रत पुढे केली. मी पुसले, कोठे लिहू. त्यांनी अकरावे पान काढोन ठरावाखालच्या जागेवर बोट ठेविले. मग त्यांचीच पेन्सिल घेऊन लिहिले: "काशिनाथ ठोंबरे उर्फ सकाळचा. नागीण, फेरी एक. सकाळी साडेसात. तिकीट नाही. आम्ही पाहिली." आणि खाली सही केली, मग सरकारांनी केली, मग ऊर्मिलाबाईंनी, ऐसे एकतीस जणांनी वड्याचे तेलकट हात पुसोन सह्या केल्या. सरकारांनी आपल्या प्रतीतील ते पान टरकाविले, मग साऱ्यांनी टरकाविले, उरल्या प्रतींतूनही काढिले. काशिनाथांच्या प्रतीस कोणी हात लावू जाता ते म्हणाले, "माझं राहू द्या. कावळ्यासकट राहू द्या. घरी दाखवायचंय." आणि प्रत डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली नीट ठेविली.

मग आम्ही बसलो. माझी दांडी त्यांनीच लाविली, दहाव्या वेळी, आणि मी प्रथमच तोंडाकडे पाहिले. म्हणाले, "हात आत ठेवा साहेब." त्या फेरीत कोणी किंचाळले नाही. सायंकाळी सहास सरकारांनी साताऱ्याच्या वाटेवर, हॉटेलाच्या बाकावर बसोन, मोबाइलावरोन दरबार बंद केला. लोकांनी आदले दिवशी शेकड्यांनी लिहिले होते की जुने कागद तरी राखा, एवढे वैभव पुसू नका. राखिले नाहीत. ठराव त्या कागदांतच होता, आणि त्याची नक्कल आता एकाच घरी आहे, तेथे ती असावी.

तेरीज: राज्य वर्षे अठरा. शेवटच्या मेळ्यास असामी एकतीस. नागिणीवर अव्वल अखेरपर्यंत सरकार, फेऱ्या दोनशे चार; काशिनाथ ठोंबरे, फेरी एक. वहीत खोटी नोंद एक, ती फेरीनवीसाची. सोमवारी सकाळी व्यवस्थापक बाईंस दूरध्वनी करोन सहज पुसले की काशिनाथ कैसे आहेत. त्या म्हणाल्या, नागिणीवर आहेत. डब्यात भाजी कोणती होती हे पुसावयाचे होते, ते पुसले नाही. लेखनसीमा.