तीन तलंगांचं नांदणं

पाच जुन्या कोंबड्यांमध्ये सुनेने तीन तलंगा आणून सोडल्या, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. "नांदल्या तर राहतील. नाही नांदल्या, तर रविवारी जिथून आणल्यास तिथे परत."

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोरसवदा कोंबडी. या तिघींना सुनेने कोंबडीवाल्याच्या दुकानातून, वजनकाट्यावर चढता चढता सोडवून आणलं होतं. त्यामुळे 'परत' म्हणजे कुठे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तलंगांना तेवढं ठाऊक नव्हतं.

सून सिटी बस चालवायची. भर गर्दीत साठ माणसांना 'मागे सरका' म्हणून सरकवणाऱ्या बाईला पाच कोंबड्या हलवता येईनात. थोरल्या कोंबडीला घरात सगळे हेडबाई म्हणत. तिने पहिल्याच दिवशी एका तलंगेच्या तुऱ्यातून रक्त काढलं. सुनेने मध्ये जाळी लावली, तर हेडबाई जाळीतून टोचू लागली. जाळी काढून दाण्याची दोन भांडी ठेवली, तर हेडबाई एका भांड्यात खायची आणि दुसऱ्यात जाऊन बसायची.

"नव्यांनी आधी सोसायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मीही सोसलंय."

"सोसलंत म्हणजे ते बरोबर होतं, असं थोडंच आहे?"

"उलट बोलू नकोस."

"मी सरळच बोलतेय, आई."

सुनेच्या नवऱ्याने हातातलं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. आई आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नाही, अळीमिळी गुपचिळी, हे त्याचं लग्नापासूनचं धोरण होतं.

रविवारी सकाळी सासूबाई टोपली घेऊन परसात आल्या. खुराड्याभोवती माणूस उभा राहील एवढं जाळीचं आवार होतं. त्याच्या दाराला स्प्रिंग होती आणि बाहेरून आपोआप पडणारी कडी. सून आधीच आत जाऊन तलंगांपुढे हात पसरून उभी होती.

"सरक."

"नाही सरकणार. न्यायचंच असेल तर मला घालून न्या टोपलीत."

"तू मावत नाहीस," असं म्हणून सासूबाई कडी उचलून, दार ढकलून आत शिरल्या. त्या क्षणी तिन्ही तलंगा त्यांच्या पायांतून बाहेर पळाल्या. धाकट्या पुढे गेल्या, हे हेडबाईला कसं खपणार? ती मागोमाग धावली आणि तिच्यामागे उरलेल्या चौघी. स्प्रिंगने आपलं काम केलं. दार धाडकन लागलं, कडी पडली. कोंबड्या बाहेर राहिल्या आणि सासू-सून आत.

"अरे, इकडे ये," सासूबाईंनी मुलाला हाक मारली. सुनेनेही मारली. दोघींचे चढलेले आवाज ऐकून त्याने आतूनच उत्तर दिलं, "तुमचं तुम्ही मिटवा. मी मध्ये पडत नाही." आणि रेडिओ मोठा केला. पुढच्या हाका त्यातच विरल्या.

नाइलाजाने दोघी कोंबड्यांच्या दांडीवर शेजारी शेजारी टेकल्या. समोर आठही जणी पालकाच्या वाफ्यात उतरल्या होत्या. हेडबाई आणि तुरा रक्ताळलेली तलंग एकच पान दोन टोकांनी ओढत होत्या. पान फाटलं. दोघींनी आपापला तुकडा गिळला आणि दुसरं धरलं. कोणी कोणाला टोचलं नाही.

"गाडीतही असंच होतं," सून म्हणाली. "बसलेल्याला चढणारा खपत नाही. गाडी बंद पडली आणि सगळे रस्त्यावर उतरले, की मग एकमेकांना पाणी विचारतात."

"माझा पालक आहे तो."

"हाकला मग. पण नांदतायत, हे आधी कबूल करा."

सासूबाईंनी 'हुश् हुश्' करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पालक संपत आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मी टोचते का गं?"

"रोज."

"फार?"

"पाहुण्यांसमोर जास्त."

सासूबाई पदराचं टोक चाचपू लागल्या. सुनेला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

"मी माझ्या सासूला हे एकदा तरी सांगायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "राहू देत तुझ्या तिघी."

बऱ्याच वेळाने नवऱ्याने रेडिओ बंद केला, तर परसात अगदीच सामसूम, म्हणून तो घाबरून बाहेर आला. त्याने कडी काढली. "मला वाटलं, नेहमीचंच चाललंय."

"तीन हाका मारल्या तुला," सून म्हणाली.

"चार," सासूबाई म्हणाल्या. "आणि भांडण असलं म्हणून काय झालं? बाहेर येऊन बघायचं नाही?"

"वाफ्याला कुंपण घाल म्हणून किती दिवस सांगतेय," सून दारात येत म्हणाली.

"आणि ही स्प्रिंग कुणी बसवली?" दुसऱ्या बाजूने सासूबाई पुढे सरकल्या.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण या दोघी एका बाजूला उभ्या आहेत, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि दोघींच्या मधून निसटायला कुठे वाट आहे का, ते शोधू लागला.